रिलिंक्विशचा अर्थ

माहेरचं गणेश चवथीच्या भेटीचं वझं बहिणीच्या ओट्यावर उतरवून झालं, तसा कारापूरच्या गुरुदासने खिशातून कागद काढला. वडिलांच्या माघारी त्यांचं नारळी-पोफळीचं कुळागर त्याला स्वतः एकट्याच्या नावावर करायचं होतं.

"दादा, हे रिलिंक्विश म्हणजे काय रे?" सुविधाने एका शब्दावर बोट ठेवलं.

गुरुदासचा आवाज तुपासारखा पातळ झाला. "अगो, मायेचा शब्द तो! आपण होऊन, हसतमुखाने हक्क सोडायचा. माहेर म्हणजे पाण्याची बाव गो बाय. लेकीने पाणी प्यावं, बाव मागू नये."

सुविधाचे डोळे भरले. तिने सही केली. गोव्याचा कायदा मालमत्तेत नवरा-बायकोला एकाच जोताला जुंपतो, म्हणून तिच्या नवऱ्यालाही करावी लागली.

गुरुदास शीळ घालत घरी परतला, तर सोप्यावर मोरजीचा मेव्हणा गौरेश बसलेला. त्याच्याही हातात तसाच कागद. दर्याकाठच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून गुरुदासच्या बायकोने, पद्मावतीने, सही करूनही टाकली होती. आता फक्त तिच्या नवऱ्याची राहिली होती.

"भावजी, इथे करा," गौरेशने पेन पुढे केलं.

गुरुदासने चष्मा चढवला. कागद एकदा लांब धरला, एकदा नाकाशी नेला.

"करतो रे, तू काय परका? पण हे बघ, रिलिंक्विश का काय लिहिलंय. आम्ही पडलो मराठी शाळेतले. वकिलाला विचारल्याबगर आमका ह्याचा अर्थ कसा कळायचा?"