राखीव गोलरक्षकाची हरकत

"आणि गोलाच्या मागे बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाने टोपी काढून छातीशी धरली," ऑक्ताव कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाला, "प्रेताला वाट द्यावी तशी."

खोलीतली माणसे हसली. दाराशी उभा असलेला झाहारिया हसला नाही. फुटबॉल कपच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाची ती पेनल्टी ऑक्तावने अडवली, तेव्हा झाहारिया फोर्जा संघाचा राखीव गोलरक्षक म्हणून बाकावर बसला होता. सरावात दोघांपैकी तोच सरस होता. निदान त्याला स्वतःला तसे पक्के ठाऊक होते. त्या दिवसापासून गावाने ऑक्तावला कधी पदरचे पैसे देऊन दारू पिऊ दिली नाही. झाहारियाला मात्र न्हावी अजूनही 'नेआ', म्हणजे काका, अशी हाक मारून विचारी, "नेआ झाहारिया, तुम्ही संघात खेळायचात की संघाची गाडी चालवायचात?"

आज तर या गोष्टीवर कायमचे शिक्कामोर्तब व्हायचे होते. गावचा पोलाद कारखाना बंद पडला आणि त्याच्या मागोमाग क्लबचेही दिवाळे निघाले. चाहत्यांनी वर्गणी काढून तो लीगच्या सर्वांत खालच्या विभागात पुन्हा उभा केला, तोच नगराध्यक्षाने दुसरा क्लब काढून जुन्या कपवर हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि अखेर न्यायालयाने क्लबचा इतिहास चाहत्यांच्या पदरात टाकला. मैदानाच्या प्रेक्षागाराखालच्या या खोलीत आता संग्रहालय होणार होते. तिथे ऑक्तावचे हे चित्रित कथन दोघांच्या पश्चातही अखंड चालू राहणार होते. त्यातला शब्द न् शब्द झाहारियाला पाठ होता, आणि एकेक शब्द त्याला सलत होता.

त्याच्यापाशी एक हरकत होती. ती त्याने पुष्कळ दिवस धार लावून जपली होती.

"मला याला एक विचारायचंय," तो म्हणाला.

कॅमेरा सांभाळणारी स्मारांदा, चाहत्यांच्या मंडळाची चिटणीस, वळली. "नेआ झाहारिया, नंतर विचारा की. बाहेर खिम्याचे मिच निखाऱ्यावर टाकलेत, गार झाले तर खाववणार नाहीत."

"नंतर नाही. ते यंत्र चालू असतानाच." तो पुढे आला. "ऑक्ताव, पेनल्टीच्या वेळी तुझं तोंड कुठे होतं?"

"समोर. पेनल्टी होती ती, लग्न नव्हतं इकडेतिकडे बघायला."

पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत झाहारिया थांबला.

"समोर होतं ना? मग शिपाई तर जाळीच्या मागे होता, तुझ्या पाठीशी. त्याने टोपी काढली ती तुला कशी दिसली? तुझ्या टाचा रेषेवरून सुटल्या आणि चुना उडाला, हेही सांगतोस. स्वतःच्या टाचा दिसतात कुणाला?"

आता कोणी हसले नाही. झाहारियाला छातीत एक गोड ऊब जाणवली. गावाचा लाडका खोटे बोलताना पकडला गेला होता, आणि तोही कॅमेऱ्यासमोर.

ऑक्तावने नजर कॅमेऱ्यावरून काढून झाहारियाकडे वळवली.

"नाही दिसली," तो म्हणाला. "मला काहीच दिसलं नाही. पेनल्टी मारणारा धावत आला आणि मी डोळे मिटले. मनगटाला काहीतरी लागलं. मग सगळे अंगावर येऊन पडले."

"मग हे सगळं तू…"

"परतताना बसमध्ये सगळे विचारत होते, कसा अडवलास म्हणून. माझे नुसते दात वाजत होते. तू शेजारी होतास. तू सांगायला लागलास, ते थेट प्रेदेआलचा घाट येईपर्यंत. शिपाई, टोपी, टाचा, चुना. मी ऐकत होतो. तेच सांगत आलोय, एक शब्द न बदलता."

झाहारियाला ती बस आठवली. काचांवर धरलेली वाफ, हातोहात फिरणारी आलुबुखाराच्या दारूची बाटली, पुढच्या बाकांवरून मागे वळलेली तोंडे. ती कुणाकडे वळली होती, हे मात्र त्याने आजवर कधी आठवून पाहिले नव्हते.

ऑक्ताव उठला. त्याने खुर्ची कॅमेऱ्यासमोर नीट केली आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

"बस तिथे," तो म्हणाला. "आणि पुन्हा एकदा सांग, सावकाश. ती पेनल्टी मी अजून पाहिलेली नाही."