फिकट निळी रेघ

मुलांनो, चंदनसारमधलं एक छोटं दुकान डोळ्यांपुढे आणा. टेबलावर जाड पाठीचा मॉनिटर, शेजारी पेटीसारखं लेझरचं मशीन. आणलंत? आता मॉनिटरसमोरच्या स्टुलावर ज्ञानदाला बसवा. तुमच्याएवढीच आहे. दप्तर अजून पाठीवरच आहे.

घराच्या दारावर लावायच्या पाटीवरची नावं तपासायला आईबाबांनी तिलाच पाठवलं होतं. ते दोघं मुंबईहून परततात तोवर दुकान बंद झालेलं असतं.

"नीट बघ हां, बाय," पाट्या कोरणारी आल्बिना आंटी म्हणाली. "लाकूड एकदा जळलं की खोडरबर चालत नाही. मग तुझा बाबा माझ्याशी भांडायला येणार."

"बाबांना भांडायला वेळ नसतो."

आंटीने कळ दाबली. हे खरं कोरणं नव्हे बरं का, ही नुसती तालीम. मशीन गप्प असतं, आणि ते पुढे काय करणार आहे ते पडद्यावरचा एक ठिपका करून दाखवतो. ठिपक्याने लाल रेघेत 'जयवंत' काढलं. खाली 'सुहासिनी'. त्याखाली 'ज्ञानदा'.

"आईच्या नावात शेवटची वेलांटी दुसरी," ज्ञानदाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "बरोबर आहे."

"मग लावू मशीन?"

"परत दाखवा ना, आंटी."

आंटीने परत दाखवलं. ज्ञानदाने पुन्हा तेच मागितलं.

"अगं, पाटी आहे की पिक्चर?" आंटी हसली. "घरी वाट बघत असतील ना?"

"घरी कोणी नाही." ज्ञानदाने गळ्यातल्या दोरीची चावी फ्रॉकमधून वर काढून दाखवली. "आत गेलं की फक्त फ्रिजचा आवाज येतो."

आंटी हसायची थांबली. तिने ठिपक्याचा वेग कमी केला आणि तालीम पुन्हा सुरू केली.

ठिपका सावकाश चालू लागला तेव्हा ज्ञानदाला एक नवीनच गोष्ट दिसली. बाबांचं नाव संपलं की ठिपका मागे एक फिकट निळी रेघ सोडत आईच्या नावाकडे जात होता. आईकडून तसाच तिच्याकडे.

"ही कसली रेघ?"

"एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जायची वाट. तेव्हा लेझर बंद असतो. लाकडावर काही उमटत नाही."

"पण जातो ना तो?"

"जातो तर! गेल्याशिवाय तुझं नाव कसं काढणार?"

ज्ञानदा पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लावा मशीन."

झाकणाखाली धूर झाला, दुकानभर जळक्या सागाचा वास पसरला. कागदात गुंडाळलेली कोमट पाटी छातीशी धरून ज्ञानदा आपल्या इमारतीचे जिने चढली. घराला कुलूप होतं. ती पायरीवर बसली, कागद सोडला. तीन नावं, आणि त्यांच्या मधे कोरं लाकूड.

तिने कंपासपेटीतून पेन्सिल काढली. फार न दाबता बाबांच्या नावापासून आईच्या नावापर्यंत एक बारीक रेघ ओढली, आणि तिथून आपल्या नावापर्यंत.

मग उठून तिने कुलूप उघडलं.