परत एकदा दाखवा

“ताई, परत एकदा दाखवा,” मास्तर म्हणाले, आणि तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

ती रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती आणि मास्तर तिचे गुडघ्याचे पेशंट. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकराच्या ठोक्याला हजर. त्यांना दिलेले व्यायाम मोजून तीन होते, आणि तिन्हींची चित्रं असलेला कागद तिने त्यांना दोनदा दिला होता. पहिला चष्म्याबरोबर हरवला. दुसरा बायकोने रद्दीत घातला म्हणे.

ती शेजारच्या कॉटवर आडवी झाली. गुडघे वाकवले, तळपाय टेकवले, कंबर उचलली.

“पाच आकडे होईपर्यंत वर धरायचं. असं दहा वेळा. चला, माझ्याबरोबर करा.”

मोजायचं काम मास्तरांकडे असायचं आणि तिथे तर आनंदीआनंदच होता. सातच्या आसपास आले की त्यांची गाडी हमखास घसरायची. “सहा झाले की सात? जाऊ दे, पहिल्यापासून धरू.” मग पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षं मैदानावर एक-दोन-तीन-चार ओरडलेल्या माणसाला दहापर्यंत मोजता येऊ नये, याचं तिला हसूही यायचं आणि रागही. तीन व्यायामांना आरामात अर्धा तास जायचा.

गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तिन्ही व्यायाम एका दमात पाठ केले होते. असे चार पेशंट मिळाले तर माझं आयुष्य वाढेल, असं ती त्यांना म्हणालीही होती. तेव्हा बोलता बोलता त्यांनी विचारलं होतं, “तुम्ही स्वतः करता का हो हे रोज?”

हा प्रश्न तिला सगळेच विचारायचे आणि ती सगळ्यांना हो म्हणायची. त्या दिवशी का कोण जाणे, खरं बोलून गेली. “कुठलं काय सर. वेळच होत नाही. कंबर अशी धरलीय की तीन वर्षांच्या लेकीला उचलूनसुद्धा घेता येत नाही.”

त्यात काही खोटं नव्हतं. सकाळी डबे, नवऱ्याची पहिली पाळी, सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब, लेकीची वेणी. संध्याकाळी सगळं पुन्हा, फक्त उलट्या क्रमाने. ‘दिवसातून वीस मिनिटं तरी काढा’ असं दिवसातून वीस जणांना सांगणाऱ्या बाईला स्वतःची वीस मिनिटं काही सापडत नव्हती. हौसेने व्यायामाची चटई आणली होती. लेकीने तिचं बाहुल्यांसाठी घर केलं आणि त्या घरात आईला प्रवेश नव्हता.

लेक हात वर करून समोर यायची तेव्हा ती खाली बसून तिला कुशीत घ्यायची. पण खाली बसून घेणं आणि उचलून घेणं यातला फरक तीन वर्षांच्या पोरीला चांगला कळतो. हळूहळू लेकीने हात वर करणंच सोडून दिलं. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. एकदा भांडी घासता घासता ती त्यावरून रडलीही होती.

तर दुसऱ्या आठवड्यापासून मास्तर जे विसरायला लागले, ते दोन महिने विसरतच राहिले. तिच्या मोजमापात गुडघा पूर्ण वाकत होता, तरी “आत कुठेतरी ओढ लागते हो” हे त्यांचं पालुपद चालूच. ते दारात दिसले की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, “आले गं तुझे मास्तर. पड आडवी.” ती कुरकुरत आडवी पडायची.

मग एका शनिवारी लेक बसमध्ये तिच्या मांडीवरच झोपून गेली. बरोबर कोणी नव्हतं. तिने लेकीला खांद्यावर टाकलं, रस्ता ओलांडला, दोन जिने चढले, कुलूप उघडलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की कंबरेने एका शब्दानेही तक्रार केलेली नाही. आत आल्यावरही लेकीला खाली ठेवावंसंच वाटेना. तशीच तिला घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. मागच्या महिन्यात गादी बदलली होती, तिचाच हा गुण, असं तिने नवऱ्याला ठासून सांगितलं. हे सांगणारी बाई फिजिओथेरपिस्ट होती, बरं का.

सोमवारी मात्र तिने मन घट्ट केलं.

“सर, तुमचा गुडघा आता ठणठणीत आहे. बाहेर माणसं खोळंबलीत. आज आपला शेवटचा दिवस.”

ते घासाघीस करतील, निदान ओढ तरी लागेल, अशी तिची तयारी होती. मास्तरांनी नुसतं विचारलं, “लेकीला उचललंत?”

ती चमकली. “परवाच. घेऊन दोन जिने चढले. का हो?”

“काही नाही. बरं झालं.”

मास्तर कॉटवरून उतरले. उकिडवे बसून त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या, सावकाश, दोन्ही पायांच्या. मग कशाचाही आधार न घेता सरळ उभे राहिले आणि पिशवी खांद्याला लावली.

“माझा गुडघा बरा होऊन महिना झाला, ताई,” ते म्हणाले. “मी येत होतो तो तुमच्या कंबरेसाठी.”