टोचणारा स

“आला! ऐकलात? पुन्हा आला!” मुद्रितशोधकांनी कॅसेट खटकन थांबवली.

दुकानातून नवे स्पीकर जोडायला आलेली स्पीकरवाली गुडघ्यांवर बसून त्यांच्यामागच्या वायरी तपासत होती. “काय आला, काका?”

“स! बाकीची अक्षरं गुण्यागोविंदाने येतात. स आला की कानात शिट्टी.”

पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात लोकांच्या चुका शोधल्या होत्या. आपल्या नजरेतून एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला नाही, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर डोळ्यांची ती धार कानांना आली आणि घरच्यांची झोप उडाली.

नवे स्पीकर आणले होते ते या एका कॅसेटसाठी. उद्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. पंचवीस माणसं जेवायला यायची होती आणि जेवणाआधी सगळ्यांना हे गाणं ऐकवायचं ठरलं होतं. छापखान्याच्या बांधणी खात्यातली एक मुलगी बोलता बोलता ‘मी थोडंफार गाते’ म्हणाली होती. यांनी ‘ऐकव की’ म्हटलं. आठवड्याने तिने ही कॅसेट हातात ठेवली आणि महिन्याच्या आत यांनी तिला मागणी घातली. “मी बाईशी नाही, आवाजाशी लग्न केलं,” हे वाक्य घरी आलेल्या एकाही पाहुण्याला चुकलं नव्हतं. पुढे मुलगी झाली आणि बायकोचा गळा गेला तो गेलाच. तेव्हापासून तिने एक ओळही गायली नव्हती. मुद्रितशोधकांना त्याचं खरोखर वाईट वाटे.

“परत करून टाका ते स्पीकर,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “दुकानदार आजच्या दिवसच परत घेईल. जुन्या डब्यावर काय वाईट वाजत होतं?”

“जुन्या डब्यावर तुझा आवाज गोधडीतून आल्यासारखा यायचा.”

“मग येऊ दे की गोधडीतून. उबदार तरी वाटतो.” ती हसली. बारीक, एकमेकांना खेटून बसलेले तिचे दात दिसले. तेवढ्याने एरवी ते विरघळत. आज विरघळले नाहीत.

“रेकॉर्डिंगच खराब नसेल ना, काका?” स्पीकरवालीने विचारलं.

“रेकॉर्डिंगला नावं ठेवायची नाहीत!”

खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई जावयाच्या उद्याच्या शर्टाला बटण लावत होत्या. त्या कालच आल्या होत्या. शिवणकाम करून तीन मुलं वाढवलेली ही बाई जावयासमोर मोजकंच बोले, तेही तोंडावर हात धरून. मुद्रितशोधक स्पीकरवालीच्या कानाशी वाकले.

“हिच्याकडे गाणं आलं कुठून, कोण जाणे. माहेरी सुराशी कुणाचं देणंघेणं नाही.”

स्पीकरवालीने मोठ्याने विचारलं, “आजी, तुम्हाला टोचतो का हो हा आवाज?”

“मला आपलं गोड वाटतं,” सासूबाई हाताआडून म्हणाल्या आणि पुन्हा बटणाला लागल्या.

स्पीकरवालीने आपल्याजवळचं एका निवेदिकेचं रेकॉर्डिंग लावलं. सूचना, संध्याकाळ, सहा वाजता, सभासद. एकही स टोचला नाही. म्हणजे स्पीकर निर्दोष सुटले. मग तिने कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि कॅसेट पहिल्यापासून ऐकली.

“गाण्यामागे शिलाई मशीन चालू आहे,” ती म्हणाली.

“आई शिवत होती,” बायको झटकन म्हणाली. “दीड खोलीचं घर. तिने मशीन घेऊन जायचं कुठे?”

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला.

स्पीकरवालीने हेडफोन काढले. “काका, स्पीकर उत्तम आहेत. रेकॉर्डिंगही उत्तम आहे. ज्यांनी गायलंय, त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. स म्हणताना हवा तिथून निसटते. जुना डबा ते झाकून घ्यायचा, हे स्पीकर झाकत नाहीत. एवढाच त्यांचा गुन्हा.”

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसला, नाकावर बसवला आणि शेवटचं प्रूफ तपासावं तसं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

“होती,” बायको म्हणाली. “तेव्हा फट होती. मग अक्कलदाढा आल्या आणि त्यांनी सगळे दात पुढे ढकलले. बुजली.”

“आणि मला कधी दिसली नाही?”

“तुम्ही आवाजाशी लग्न केलं होतं ना? तोंडाकडे बघायला वेळ कुणाला होता?”

स्पीकरवाली खो खो हसली. मुद्रितशोधकही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांनी बायकोची एक नवी गोष्ट हाती लागली होती, आणि तीही चूक!

“स्पीकर कुठेही जाणार नाहीत,” त्यांनी जाहीर केलं. “आणि त्या स ला हात लावायचा नाही. उद्या तो सगळ्यांना ऐकवायचा, फटीच्या गोष्टीसकट!”

“ऐकवा,” म्हणत बायको चहा टाकायला आत गेली. जाताना तिने कपाळावरचा घाम पुसला.

स्पीकरवाली वायरी गुंडाळू लागली. मुद्रितशोधकांनी कॅसेट मागे नेली, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे स्टूल ओढून बसले. आधी मशीनची टकटक आली. मग गाणं आलं.

*सांज सरे, सावली सरे…*

सासूबाईंचे दोन्ही हात शर्टात गुंतले होते, डोळे सुईवर होते. त्यांचा उजवा पाय मात्र मशीनच्या ठेक्यावर हलू लागला होता.

*सय तुझी का सरत नाही…*

या वेळी स तीन ठिकाणांहून आला. डाव्या स्पीकरमधून, उजव्या स्पीकरमधून आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून.