सेक्रेटरीबाईंचा भोपळा

सेक्रेटरीबाईंच्या बाल्कनीखाली मधमाश्यांनी पोळं केलं. "परवा माणूस येतोय, एकही माशी न मारता उचलून नेईल," मी हात जोडून सांगितलं. "एवढा जीव अडकलाय तर न्या तुमच्या बेडरूममध्ये!" म्हणाल्या, आणि त्याच दुपारी औषध मारून घेतलं. जिन्यातला मेलेल्या माश्यांचा ढीग मीच झाडला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद, लिफ्टमध्येसुद्धा तोंडं दोन दिशांना.

ऐन वसंतात गच्चीवरचा त्यांचा भोपळ्याचा वेल फुलांनी भरून गेला, पण फुलं नुसती गळायची, फळाचा पत्ता नाही. खत घालून झालं, वेलाला शिव्या घालून झाल्या. आज सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर बाई नातवाचा रंगाचा ब्रश घेऊन, एका हातानं कंबर धरून, या फुलातले पराग त्या फुलाला लावत फिरत होत्या.

मी शेवटचा चिमटा लावला आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"बाई, डंख मारणं तर तुम्हाला आधीपासूनच जमतं. आता मधाचं तेवढं बघा."