पानाचा माथा

"गुंडाळा आता तुमचं दुकान, मास्तर! पॅरिसचा नाच हल्ली टपालानं येतो." महालाच्या धन्यानं, मार्क्वीसनं, भर दिवाणखान्यात छापील कागद फडकावला. "शनिवारची मेजवानी झाली की खोली रिकामी करा."

कागदावर एक वळणदार रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पावलांच्या खुणा. इथे गुडघा वाकवा, इथे उडी, इथे गिरकी. राजाच्या दरबारातला ताजा नाच! तो मास्तराविना घरबसल्या मिळत असेल, तर म्हाताऱ्याला पोसायचं कशाला? गरज सरो, वैद्य मरो.

गोद्रा मास्तर मार्क्वीसच्या बापाच्या वेळेपासून या महालात नाच शिकवत होते. त्यांनी मान खाली घातली. जन्मभर दुसरं केलंच काय होतं त्यांनी? या वयात नवं दार कोण उघडणार होतं?

मार्क्वीसनं कागद पेरिनच्या हातात कोंबला. पेरिन त्याची पोरकी भाची, मास्तरांच्याच तालमीत वाढलेली. "शनिवारी हा नाच तू एकटीनं करायचास. मास्तरबिस्तरांना काही विचारायचं नाही."

"बरं, मामासाहेब," पेरिन म्हणाली. एका शब्दात कबूल झाली पोर. मास्तरांना ते फार लागलं. का नाही लागणार?

शनिवारी दिवाणखाना गच्च भरला. मास्तर दाराशी, नोकरांच्या रांगेत उभे होते. व्हायोलिनवाल्यांनी सूर धरला, पेरिन मधोमध आली आणि मार्क्वीसच्या खुर्चीकडे चक्क पाठ करून उभी राहिली! तिनं मुजरा केला तोही दाराकडे. पुढे यायची पावलं दाराकडे गेली, मागे सरायची खुर्चीकडे आली. एक बाई हातातल्या पंख्याआड खुदकन हसली.

"बंद करा!" मार्क्वीस ओरडला. व्हायोलिनं गप्प झाली. "अगं बये, कागद उलटा धरून शिकलीस की काय?"

"पावलं सगळी कागदातलीच आहेत, मामासाहेब. पानाचा माथा, म्हणजे वरची कड, धरायची असते मानाच्या माणसाकडे. पण तो माणूस कोण, ते कुठं छापलंय? ते मास्तर सांगतात. आणि मास्तरांना विचारायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

मार्क्वीस लालबुंद झाला. पण पाहुण्यांसमोर शोभा कशाला, म्हणून कसनुसा हसला. "बरं बाई, जिंकलीस! मास्तर, सांगा हिला माथा कुठे ते. खोलीचं काय, जन्मभर राहा इथं."

नुसतं खुर्चीकडे बोट दाखवायचं होतं, म्हातारपणाची भाकरी पक्की होती. पेरिननं डोळ्यांनी खुणावलं, सांगा ना, मास्तर! एवढ्यासाठीच तर तिनं हा सगळा घाट घातला होता.

मास्तर रांगेतून एक पाऊल पुढे आले. डगल्याच्या खिशातून त्यांनी शिकवणीचं इवलंसं व्हायोलिन काढलं आणि छातीला टेकवलं. मान ताठ होती. मार्क्वीसकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माथा इकडंच आहे, पोरी," ते म्हणाले. "पहिल्यापासून घे."