गादीखालचं पुस्तक

“...आणि विहिरीतून एक ओला हात वर आला,” मुकुंदरावांनी आवाज घोगरा करून वाचलं. पलंगावर बसलेल्या सुमतीने, त्यांच्या बायकोने, तोंडाला पदर लावला आणि ती लहान मुलीसारखी खुदकन हसली.

जन्मभर मुकुंदरावांनी इतिहासाखेरीज दुसऱ्या पुस्तकाला हात लावला नव्हता. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि ते कुठलं, हे तेच ठरवायचे. सुमतीने कधी भुताखेतांचं, नाहीतर प्रेमाबिमाचं काही मागितलं, तर “पाचोळा!” म्हणून उडवून लावायचे. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा कुठे ते तिच्यासाठी असली पुस्तकं आणू लागले. आता तर त्यांनाच गोडी लागली होती. काल ती वाचता वाचता झोपली, तरी ते पुढे वाचतच राहिले होते.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सुमतीने झडप घालून पुस्तक ओढलं आणि गादीखाली सारलं.

“निघा तुम्ही. आमचे हे आले वाटतं. त्यांना असलं वाचलेलं चालत नाही.”

मुकुंदरावांनी विचारलं, “फार रागावतात का?”

“रागावले तर बरं हो. नुसते हसतात. चारचौघांत.”

ते उठले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले. मागून ती दबक्या आवाजात म्हणाली, “उद्या या मात्र. ते घरात नसताना.”